ह्यांला कोण सांगायलंय?

शेषाबाईंची शेळी, उस्मानाबादी, काळीकुट्ट, एका कानावर पांढरा ठिपका,
मार्चमध्ये गंगाखेड रोडला टेम्पोखाली आली.
मागचा डावा पाय. नडगीचे दोन तुकडे.
परभणीला आमच्या कॉलेजच्या दवाखान्यात प्लास्टर झालं
आणि भूल उतरायच्या आत, बाईंना विचारून,
मी तिच्या कमरेच्या हाडातून सुईभर मज्जा काढून घेतली.
"घे. पर माझ्या शेळीतून वजा करू नको."

फ्लास्कच्या तळाला चिकटून बसल्या त्या मूळपेशी,
लांबट, अजून कशाच्याच नसलेल्या,
शाळेत नाव घालायच्या आधीच्या पोरींसारख्या.
त्यांना सदतीस अंश लागतात. बाहेर त्रेचाळीस.
ऊब देणारं यंत्र तापू नये म्हणून
रात्री लाइट गेल्यावर ओला टॉवेल घेऊन उभी राहणारी
मी एकटीच असेन.

दर बुधवारी बाई ड्रेसिंगला येत, मग वर येत,
चप्पल दाराबाहेर काढून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावत.
"ह्या आता हाड व्हायल्यात?"
होतील.
"ह्यांला कोण सांगायलंय?"

काय सांगू?
प्रत्येकीपाशी अख्ख्या तालुक्याचं दप्तर आहे,
शिंगाचं, खुराचं, बुबुळाचं,
पण कपाटांना कुलपं.
एक जनुक आहे, रन्क्स-टू. मराठी नाव नाही त्याला.
मी मनात कारभारी म्हणून पाहिलं, पटलं नाही,
कारभारी ओरडतो.
ह्याच्यावरून घडणारं प्रथिन गुपचूप एका कपाटापाशी जातं,
कुलूप काढतं. आतून दुसऱ्याचं नाव निघतं,
तो पुढचं उघडतो.
मग पेशी आपल्या अंगाबाहेर दोर वळायला लागते,
दोरावर चुना बसतो, आणि स्फुरद.
स्फुरद बाईंना लगेच कळलं.
खताच्या पोत्यावर असतं ते.

हे मात्र सांगितलं नाही त्यांना:
कुठल्याशा प्रयोगशाळेत उंदरांमधून तेवढं एकच नाव खोडलं होतं.
सांगाडा झाला, सगळा, शेपटीपर्यंत,
पण कुर्चेचा. हाड कुठंच नाही.
पिल्लं जन्मली, आणि फासळ्या इतक्या मऊ
की श्वास ओढला तर छातीच आत गेली.

एक बशी बिघडली.
औषधाच्या बाटल्या बदलल्या माझ्याकडून, झोपेत होते.
त्याच शेळीच्या, त्याच दिवशीच्या पेशी,
आणि आत करडईच्या तेलासारखे थेंब, चमकणारे, गोल.
चरबी.
रागवायचं कुणावर? त्यांनी ऐकलंच होतं.
दुसरं कपाट उघडलं गेलं, एवढंच.
टाकायची बशी होती. आठवडाभर ठेवली मी ती,
एकतीस वर्षांच्या बाईनं का ठेवावी ते विचारू नका.

एकविसाव्या दिवशी रंग घातला.
जिथं चुना धरला असेल तिथंच तो बसतो.
पाणी फिरवलं, दोनदा, तिसऱ्यांदा,
आणि मिरची कुटून झाल्यावर उखळाच्या तळाला राहावं तसं
लाल राहिलं. ठिपक्याठिपक्यानं. गेलं नाही.
बाई बराच वेळ वाकून होत्या.
"आता ह्या माघारी फिरत्यात का?"
नाही सहसा.
काही जणी तर बांधता बांधता आपल्याच भिंतीत अडकतात.
"मरत्यात?"
नाही. बारीक हात लांबवून शेजारणीला धरून राहतात,
वरून भार कुठं पडतोय ते चाचपत.
बाई हसल्या. कशाला, ते मला कळलं नाही.

प्लास्टर कापलं त्या दिवशी खालची केसं झडलेली,
पाय काडीसारखा.
माझ्या बशीतलं त्यात काहीच गेलेलं नव्हतं.
आत, प्लास्टरच्या अंधारात,
कुणी टॉवेल धरून उभं नसताना,
तीच कुलपं त्याच क्रमानं निघाली होती.
शेळीनं पाय उचलून धरला, तीन पायांवर दाराबाहेर गेली,
लिंबाच्या सावलीला थांबली,
मग टेकला.
"चल गं," बाई म्हणाल्या, मला नाही, तिला.

वर येऊन मी बशा ब्लीचमध्ये बुडवल्या.
लाल लगेच सुटलं नाही.